यादीत न लिहिलेली ओळ

मागच्या अंकात मी वाचकांना आपापल्या कॉम्प्युटरची यादी पाठवायला सांगितली होती. प्रोसेसर कोणता, रॅम किती, डिस्क कसली, आणि मित्राच्या किंवा भावाच्या मशीनपुढं आपलं मशीन कुठं कमी पडतं असं वाटतं, एवढं लिहायचं होतं. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, शहापूर-वडगाव, सगळीकडून पत्रं आली. आपल्या भागातली पोरं हे सगळं किती बारकाईनं शिकलीत ते याद्या वाचताना दिसलं आणि मला मनापासून आनंद झाला. बेळगावातल्या शहापुरात बावीस वर्षं हीच मशीनं उघडून दुरुस्त करतोय, त्यामुळं एक गोष्ट मात्र लगेच डोळ्यात आली. प्रत्येक यादीत एखादी ओळ सुटलेली आहे, आणि पुष्कळदा दुखणं त्याच ओळीत आहे. खालची पत्रं त्यासाठीच निवडली.

प्रश्न : काका, मी खानापूरचा, माझा मित्र टिळकवाडीचा. दोघं एकाच वर्गात इंजिनीअरिंगला. दोघांकडं रायझेन ५ ५६००जी, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड कुणाकडंच नाही. तोच गेम, तेच सेटिंग, पण त्याला सेकंदाला ६०च्या आसपास फ्रेम मिळतात आणि माझं मशीन ३५वर येतं. त्याची एसएसडी जेन ४ आहे, माझी जेन ३. फरक त्याचा असेल का? की माझा प्रोसेसरच खराब निघाला?

उत्तर : प्रोसेसर ठणठणीत आहे, काळजी करू नकोस. तू आतला फोटो पाठवलास ते फार बरं केलंस. त्यात रॅमची एकच स्टिक दिसते. मित्राला विचार, त्याच्याकडं आठ-आठच्या दोन असणार.

दोघांनी यादीत ‘१६ जीबी’ लिहिलं, पण ते किती स्टिकमध्ये आहे हे लिहिलं नाही. वेगळं कार्ड असतं तर एवढा फरक पडला नसता, कारण कार्डाला स्वतःची मेमरी असते. ५६००जीमध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच आहे. त्याला स्वतःची मेमरी नाही, तो रॅममधूनच ओढतो. विहिरीवर एकच कप्पी असली की घागरींची रांग लागते. दुसरी कप्पी बसवली की विहिरीत पाणी तेवढंच राहतं, पण घागरी निम्म्या वेळात भरतात. तुझ्या विहिरीला एकच कप्पी आहे.

आता आकडे बघ. ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम एका स्टिकमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, दोन स्टिक दोन चॅनेलला लावल्या की ५१.२ जीबी. तुझ्या टास्क मॅनेजरच्या फोटोत मला आणखी एक गोष्ट दिसली. मेमरीच्या पानावर स्पीड २४०० आहे. पाकिटावर ३२०० लिहिलं होतं ना? ते आपोआप चालू होत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानावर, एक्सएमपी नावाचं सेटिंग असतं, काही मदरबोर्डवर त्याला डीओसीपी म्हणतात. ते चालू करेपर्यंत रॅम सावध वेगानंच चालते. म्हणजे तुझी रॅम एका स्टिकवर, २४०० वेगानं, सेकंदाला १९.२ जीबी देते आणि मित्राची ५१.२. दोघांच्या यादीत शब्द तेच, आत मात्र अडीच पटीपेक्षा जास्त अंतर.

आज रात्रीच एक काम कर, त्याला पैसे लागत नाहीत. मशीन सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, एक्सएमपी चालू कर, सेव्ह करून बाहेर ये. ५६००जी ३२०० वेग अधिकृतपणे पेलतो, त्यामुळं भीती नाही. एखाद्या वेळी स्क्रीन काळीच राहिली तर मशीन बंद कर, प्लग काढ, मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं काढून ठेव आणि परत बसव. सगळं मूळ जागी येतं. मग पैसे जमले की तशीच दुसरी स्टिक घे, नाहीतर ही १६ची देऊन आठच्या दोन मिळतात का ते दुकानदाराला विचार. चार खाचांचा बोर्ड असला तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या. शेजारी-शेजारी लावल्या तर दोन स्टिक असूनही कप्पी एकच चालते. ही चूक मी दर महिन्याला बघतो.

मित्राच्या जेन ४ एसएसडीचं म्हणशील तर तिचा गेमच्या फ्रेमशी संबंधच नाही. शिवाय ५६००जी हा एसएसडीशी पीसीआयई जेन ३च्या वेगापर्यंतच बोलतो. डब्यावर सेकंदाला ७००० एमबी लिहिलेली एसएसडीसुद्धा त्याच्याकडं ३५००च्या आसपासच थांबते. त्या एका बाबतीत तुम्ही दोघं बरोबरीचे आहात.

प्रश्न : १ टीबीची डिस्क घेतली, मशीनमध्ये ९३१ जीबीच दिसते. मैत्रिणीकडंही तेवढीच दिसते. दोघींना फसवलं का? (निपाणी)

उत्तर : नाही. कंपनी हजाराच्या पाढ्यानं मोजते आणि विंडोज १०२४च्या. कंपनीचे एक लाख कोटी बाइट विंडोजच्या मापानं मोजले की ९३१ होतात. डिस्क पूर्ण आहे.

प्रश्न : आमचं घर वडगावात, खाली माग आहेत, वर आम्ही राहतो. मी घरातूनच साड्यांच्या काठपदराची डिझाईनं कॉम्प्युटरवर करते. आय५-१०४००, १६ जीबी रॅम. माझ्या भावाकडं कॅम्पात अगदी हेच मशीन आहे, आम्ही एकाच दिवशी घेतलं. त्याचं कधी अडकत नाही. माझं दुपारी दोन-तीनच्या सुमाराला संथ होतं आणि कधी धाडकन बंद पडतं. फॉरमॅट दोनदा करून झालं.

उत्तर : ताई, तुमच्या यादीत खोली लिहिलेली नव्हती, ती पत्रात आली म्हणून बरं झालं. वडगाव दुकानापासून जवळच, म्हणून मी स्वतः येऊन मशीन उघडलं. तुमच्या परवानगीनं इथं लिहितो, कारण शहापूर, वडगाव, खासबागेत मागावर पोट असलेल्या घराघरांत हेच आहे.

कॅबिनेट जमिनीवर, मागाच्या जिन्याजवळ. बाजूचं झाकण काढलं तर आत करड्या रंगाची मऊ साय पसरलेली. प्रोसेसरवरचा पंखा फिरत होता, म्हणून बाहेरून सगळं ठीक वाटायचं. तो पंखा चार खिट्ट्या फिरवून उचलला तेव्हा खाली ॲल्युमिनियमच्या पात्या दिसायला हव्यात, त्या दिसल्याच नाहीत. त्यांच्यावर धाग्यांची एक वाकळ तयार झाली होती. चिमट्यात धरून ओढली तर ती अख्खी, गोल, पंख्याच्या मापाची निघून आली. उजेडात धरल्यावर त्यात जांभळे आणि मोरपंखी धागे दिसत होते. तुमच्याच साड्यांचे. पंखा वारा घालत होता, पण तो वारा त्या वाकळीवरच अडत होता.

साफ करायच्या आधी डिझाईनची फाईल उघडून मोजलं तेव्हा तापमान ९८च्या वर जात होतं. हा प्रोसेसर १०० अंशाला पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तोच तुमचा दुपारचा संथपणा. त्याच्याही पुढं गेलं की मशीन बंद होतं. फॉरमॅट करून ते कसं थांबणार? साफ केलं, प्रोसेसर आणि पात्यांच्या मधली जुनी वाळलेली पेस्ट स्पिरिटनं पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी लावली, आणि त्याच फाईलवर, त्याच खोलीत ६४ अंश आलं.

आता तुम्ही करायचं ते एवढंच. कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर, मागाच्या उलट्या बाजूला. हवा आत जाते त्या जाळीवर मच्छरदाणीचा बारीक नायलॉनचा तुकडा बाहेरून लावा आणि दर रविवारी तो झटका. महिन्यातून एकदा प्लग काढून रंगाच्या कोरड्या ब्रशनं आतला पंखा झाडा. ब्लोअर वापरलात तर पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, कारण वाऱ्याच्या जोरावर तो नको तेवढा वेगानं फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. ओल्या फडक्यानं आत काहीही पुसू नका.

प्रश्न : काका, मी चिकोडीचा, बारावीला आहे. मित्राकडं जीटीएक्स १६५० आहे. मला एकजण आरएक्स ५८०, ८ जीबी, जुनं कार्ड कमी पैशात देतोय. ते १६५०पेक्षा भारी आहे ना? माझं मशीन आय३-१२१००एफ, ८ जीबी, एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला ४५० वॅटचा. सध्या मित्राचं जुनं जीटी ७३० लावून चालवतोय.

उत्तर : कार्ड म्हणून आरएक्स ५८० हे १६५०पेक्षा ताकदीचं आहे, हे खरं. पण बाळा, तुझ्या यादीतल्या एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, ओळीनं मला घाबरवलं.

बरीचशी १६५० कार्डं ७५ वॅटवर चालतात, तेवढी वीज मदरबोर्डच्या खाचेतूनच मिळते, वेगळी वायर लागत नाही. ५८०ला १८५ वॅट लागतात आणि एसएमपीएसमधून वेगळी आठ पिनची वायर लागते. तुझा एसएमपीएस बाहेर काढ आणि त्याच्या लेबलवरचा मोठा आकडा सोडून खालचं कोष्टक वाच. तिथं ‘+१२ व्ही’ लिहिलेलं असतं आणि खाली अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जेवतात ते याच रेषेवर. माझ्या दुकानात कॅबिनेटबरोबर आलेला एक ४५० वॅटचा नमुना ठेवलाय, त्यावर १२ व्होल्टला १६ अँपिअर छापलेत. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. बाकीचा आकडा कुठून आला ते छापणाऱ्यालाच माहीत. १९२ वॅटवर ५८०चं एकट्याचं पोट कसंबसं भरतं. आठ पिनची वायर नाही म्हणून बाजारात जोडवायरी मिळतात, त्या लावून दोन पांढऱ्या मोलेक्सवर, म्हणजे चार पिनच्या जुन्या जोडांवर, कार्ड चालवू नकोस. त्या वायरी वितळलेल्या मी हातात धरल्यात.

हे इतक्या कळकळीनं सांगायला कारण आहे. दुकान सुरू करून दुसरंच वर्ष होतं. एका गिऱ्हाईकाला स्वस्तात बसेल म्हणून मी असाच हलका एसएमपीएस लावून दिला. आठ महिन्यांनी तो फुटला आणि जाताना हार्डडिस्क घेऊन गेला. तिच्यात त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो होते, दुसरीकडं कुठंच नव्हते. डिस्क मी पुण्याला पाठवून बघितली, काही आलं नाही. त्या दिवसापासून तसला एसएमपीएस माझ्या हातून कुणाच्या मशीनमध्ये गेलेला नाही. हातात घेऊन वजन बघितलं तरी कळतं, चांगला एसएमपीएस जड असतो.

कार्डाबद्दल आता. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या डिजिटल चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि त्यात रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगानं जुन्या बाजारात आली. ५८० त्यातलं नेहमीचं. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण बघून घ्यायचं. देणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्या मशीनवर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ‘शेडर्स’चा आकडा वाच. २३०४ पाहिजेत. २०४८ दिसले तर ते त्याच नावानं विकलं जाणारं कमी ताकदीचं कार्ड आहे, तेवढाच भाव द्यायचा. मग अर्धा तास एखादा जड गेम चालव, दोन्ही पंखे फिरतात का बघ, मागची सगळी तोंडं केबल लावून तपास.

माझा सल्ला विचारशील तर आधी नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस घे, मग कार्ड. एका वेळी एकच जमणार असेल तर एसएमपीएस, आणि ७३० तोवर चालव. ते मित्राला परत मात्र देऊ नकोस, कारण तुझ्या प्रोसेसरच्या नावातल्या ‘एफ’चा अर्थ त्यात ग्राफिक्सच नाही. कार्ड काढलंस की स्क्रीन काळी. घरात यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅटच पेलतो, गेम चालू असताना लाईट गेली तर तो मान टाकू शकतो हेही लक्षात ठेव.

प्रश्न : हुक्केरीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, मराठी आणि कन्नड दोन्ही. एका दुकानदाराकडं जुना आय७-४७७० स्वस्तात आहे, दुसरा नवा आय३-१२१०० म्हणतोय. आय७ मोठा की आय३?

उत्तर : आय७, आय३ ही फक्त एका पिढीतली उतरंड आहे. पिढी वेगळी झाली की ती तुलना संपते. ४७७० म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालची. १२१०० म्हणजे बारावी, २०२२ची. दोघांतही चार कोअर आणि आठ थ्रेड, पण नव्याचा एकेक कोअर खूप वेगवान. तुमचं काम एका वेळी एकाच कोअरवर जास्त चालतं, म्हणून आय३ घ्या.

दुसरं कारण, विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि चौथी पिढी विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही. तुमच्याकडं गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन येतात, कुणाकुणाचे ते सांगता येत नाही. अशा दुकानात दुरुस्त्या बंद झालेलं विंडोज ठेवू नये.

तुमच्या यादीत सुटलेली ओळ म्हणजे सॉफ्टवेअर. जुन्या फाँटच्या सॉफ्टवेअरला डाँगल, म्हणजे मशीनला लावायची किल्ली, असेल तर नवं मशीन घ्यायच्या आधी ते डाँगल दुकानात नेऊन विंडोज ११वर चालतं का बघा. दहा वर्षांच्या पत्रिकांच्या फाईली त्यावर अडकलेल्या असतात. आणि हळूहळू युनिकोडकडं या. इनस्क्रिप्टची, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्ड मांडणीची, पाटी एकदा बोटांत बसली की दोन्ही भाषांना तीच चालते. ‘के’च्या बटणावर मराठीत क उमटतो, भाषा बदलली की त्याच बटणावर कन्नडमधला क. ‘एच’वर प, ‘जे’वर र, दोन्हीकडं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. आपल्यासारख्या दोन भाषांत दिवस काढणाऱ्या माणसाला याहून सोयीची गोष्ट नाही, आणि तिला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक, जांबोटीकडच्या एका गावात राहतो. पुतण्यानं पुण्यात स्वतःसाठी आणि माझ्यासाठी सारखीच दोन मशीनं जोडून घेतली. कॅबिनेटसकट सगळं तेच. माझ्या कॅबिनेटच्या लोखंडाला अनवाणी असताना हात लावला की झिणझिण्या येतात. त्याच्याकडं येत नाहीत. कॅबिनेट सदोष आहे का?

उत्तर : गुरुजी, कॅबिनेट चांगलं आहे. तुमच्या घराला अर्थिंग मिळत नाही.

प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेला. अर्थिंग असलं की त्यांतून झिरपणारी वीज जमिनीत निघून जाते. नसलं की पत्रा २३०च्या मधोमध, ११५ व्होल्टच्या आसपास लोंबकळत राहतो. वीज अगदी थोडी, म्हणून नुसत्या झिणझिण्या. टेस्टर लावलात तर दिवाही लागेल. पण उद्या एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला तर पूर्ण करंट त्याच पत्र्यावर येईल आणि त्याला जायला वाट तुमच्या अंगातूनच असेल. म्हणून ही गोष्ट सवयीची करून घेऊ नका. तोवर पायात चप्पल घालून बसा, आणि टीव्हीची केबल मशीन चालू असताना लावू नका, त्यानं तोंडं जळतात.

वायरमनला बोलावून तीन पिनच्या सॉकेटमध्ये मीटरनं तीन मापं घ्यायला सांगा. फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेनं जोडून देतात, झिणझिण्या थांबतात आणि काम झालं असं वाटतं. ते अजिबात करू देऊ नका. कुठं न्यूट्रल तुटली तर अख्खा पत्रा फेजवर येतो.

तुमच्याकडं जांभा दगड. पावसाळ्यात ओला असतो तोवर अर्थिंग बरं चालतं, मार्च-एप्रिलमध्ये वाळला की वीज घेतच नाही. म्हणून खड्डा न्हाणीचं पाणी जातं तिकडं, केळीच्या आळ्याजवळ घ्या. दहा फुटी जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, आणि उन्हाळाभर रोज एक बादली पाणी. मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणारा स्विच, बसवून घ्या, अर्थिंग कमजोर असतानाही तो माणसाला वाचवतो.

आणि वळवाचे ढग दिसले की प्लग तर काढाच, इंटरनेटची वायरही मशीनमधून उपसा. दर मे महिन्यात माझ्याकडं खानापूर भागातून जळालेली मशीनं येतात, आणि त्यांच्यात प्लग काढून ठेवलेली पण वायर तशीच राहिलेली असतात. वायरमन येऊन गेला की तिन्ही आकडे मला लिहून पाठवा, गुरुजी. खड्ड्याच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही.